सुटती गाठ

ह्यूओन, टास्मानिया
९ जुलै

मेव्हणे नेमानी यांस,

स. न. वि. वि. ही चार अक्षरं तुझ्या लायकीची नाहीत, पण कागद नवा आहे म्हणून घातली. मेव्हणे म्हटलं तेही आतेभावाला तसंच म्हणायची आपली रीत आहे म्हणून.

पत्र कशाला, फोन का नाही, असं विचारशील. फोन मी लोकरीच्या मोज्यात घालून बॅगेच्या तळाशी ठेवलाय. २१ जूनला तो वाजला तेव्हा मी सफरचंदाच्या झाडाखाली छाटणीची कात्री घेऊन उभा होतो. थोरले काका म्हणाले की बाबा गेले. मी बरं म्हणालो. मग उरलेली ओळ छाटून संपवली, एकोणीस झाडं होती. संध्याकाळी मटण होतं, ते जेवलो. तीन विमानं बदलून आणि पुढे आपल्या बेटावर लंबासाहून बस धरून यायचं तर मला चार दिवस लागले असते, आणि तुम्ही बाबांना तिसऱ्या दिवशी पुरलंत. म्हणून आलो नाही. तेव्हापासून मला काही होत नाही. भूक लागते, झोप लागते. थंडीनं हात बधिर होतात, पण ते इथं सगळ्यांचेच होतात.

एक मागणं आहे. बाबांचं शेवटी काय कसं झालं ते मला लिहू नकोस. पेट्यांचं लिही. मी निघालो तेव्हा मधमाश्यांच्या नऊ पेट्या होत्या. त्याच्या आदल्या वादळाआधी चौदा होत्या. आता किती आहेत? नोव्हेंबर उजाडला की वादळाचे महिने सुरू, आणि माझा करार सुटणार मार्चअखेर. तोवर बाबांच्या माश्या राहिल्या पाहिजेत. दुसरं काही मला सुचत नाही, तेवढं सुचतं.

मळ्याशेजारी मिसेस ट्रीलोर नावाच्या म्हातारीबाई राहतात. त्यांची पाठ गेलीय, म्हणून रविवारी मी त्यांच्या पेट्यांचं जड काम करतो. हिवाळ्यात इथं माश्यांना कोणी हात लावत नाही, पेट्यांचे कोट तेवढे उतरवून रंगवायचे असतात. हो, कोट. पेटीच्या बाहेर पेटी. आतली साधी, पातळ. बाहेरून उतरत्या फळ्यांचे घेर एकावर एक चढवलेले, झग्याला झालरी असतात तसे, आणि मध्ये चार बोटं मोकळी जागा. इथं पाऊस आडवा येतो. तो कोटावर आपटतो आणि आतली पेटी कोरडी. मी फार वाखाणली तेव्हा बाई म्हणाल्या की दिसायला गोड आहे, पण उघडायला घेतली की जीव जातो. आधी कोट उतरवा, मग पेटी, म्हणून धंदेवाला माणूस ही ठेवत नाही.

आता आपलं बघ. बाबांच्या पेट्या शेतकीखात्याच्या. चौकटी सुटसुटीत, एका माणसाला उघडता येतात. पण फळी बोटभर जाड, आणि झाकण नुसतं ठेवलेलं, वर दगड. वादळ आलं की दगड राहतो आणि पेटी जाते. आजोबांचा तो नीरफणसाचा पोखरलेला ओंडका आठवतो? वीतभर जाड. आत ना ऊन ना पाऊस, आणि एकाही वादळानं तो हलला नाही. पण मध काढायचा तर पोळं फोडायला लागायचं आणि निम्म्या माश्या मरायच्या.

म्हणून माझं म्हणणं, तिघांचं एक करू. आत खात्याची पेटी. बाहेर म्हातारीसारखा कोट, पण फळ्यांचा नको. बोरू आणि बांबूचा कर, ओंडक्यासारखा जाड, नारळाच्या सोडणानं भरलेला. वर आपल्या घराला असतं तसं उतरतं शाकारणीचं छप्पर. खिळा एकही नको. खिळा वादळात उपटतो, काथ्याची दोरी ताणते. कोट पेटीला घट्ट बांध, आठ वेढे, आणि मग दोन्ही मिळून जमिनीतल्या खुंटांना. मागच्या पानावर चित्र काढलंय. ते खुराड्यासारखं दिसतं हे मला माहीत आहे.

ताईला मी विचारू शकत नाही, हे तुला सांगायला नको. मी बारा वर्षांचा झालो तेव्हापासून आम्ही एकमेकांशी अक्षरही बोललेलो नाही, आणि ते बरोबरच आहे, भावानं बहिणीचा मान असाच ठेवायचा. पण सासरहून होडीत बसून परत आल्यापासून मेरेओनीताई बाबांबरोबर रोज पेट्यांकडे जायची. तिला तुझ्या तोंडानं विचार की माश्या कुठल्या बाजूनं येतात-जातात, दार कुठं ठेवायचं. आणि तिच्यासमोर नीट बोल. माझ्याशी बोलतोस तसं नको.

आईच्या पायाला तेल लावत जा. लोभ आहे तेवढाच ठेव, जास्त झाला तर सांभाळता येणार नाही.

तुझा,
सेरू


मातानिवाय
४ ऑगस्ट

चि. सेरूस,

अनेक आशीर्वाद. मी तुझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठा आहे, तेव्हा मुकाट्यानं घे.

तुझं पत्र पोचलं. चित्र सगळ्या घराला दाखवलं. आत्तापर्यंत त्याला खुराडं, देवळाची घंटा आणि आमच्या मुख्याध्यापकांच्या बायकोची टोपी असं म्हणून झालंय. तू मळ्यात राब, चित्रकलेच्या वाटेला जाऊ नकोस.

पेट्या सहा आहेत. तिघींना मेणकिडा लागला, जूनमध्ये त्यांच्याकडे बघायला कोणी नव्हतं. सहा मात्र भरलेल्या आहेत, जवळ गेलं की पोटातून आवाज येतो. बाबांच्या नावानं त्यांच्या मधाला शंभर रात्री कोणी हात लावायचा नाही असं ठरलं, त्यामुळे आतलं काही दिसत नाही, नुसतं ऐकायचं.

आता गोष्ट अशी की थोरल्या काकांनी अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं की भाऊ जोसेवा गेला, त्याचा मुलगा परदेशात, घरात दोन बायका. माश्या वादळात मरण्यापेक्षा खाडीपलीकडच्या मिशनच्या शाळेला देऊन टाकू, निदान कोणाच्या तरी उपयोगी पडतील. मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, वादळात टिकेल अशी पेटी आम्ही करतोय. काका म्हणाले की शंभराव्या रात्री ती मला उभी दाखवा. दिसली तर पोळी घरात राहतील, नाही दिसली तर दुसऱ्या दिवशी होडी येईल. म्हणजे २९ सप्टेंबर. तू तुझ्या म्हातारीच्या झालरी मोजत बस, इथं आमच्या गळ्याशी आलंय.

काम सुरू केलंय. खाडीच्या वरच्या अंगाचा बोरू कापून आणला, वाळवला. दार वायव्येला ठेवलंय, कारण नेहमीचा वारा आग्नेयेकडून येतो. हे ताईचं म्हणणं. तिनं मला सांगितलं, तुला नव्हे. आणखी तिनं मला सांगितलं की जी पेटी उघडायला अर्धा तास गाठी सोडाव्या लागतील ती पेटी पाच वेळा उघडली जाईल आणि सहाव्यांदा कोणी उघडणार नाही, मग मेणकिडा घर करील. म्हणून छपराला गाठ नाही, काथ्याचा फास आणि लाकडाची खुंटी. खुंटी ओढली की छप्पर एका माणसाच्या हातात येतं. मला ते पटलं. तुला पटायला वेळ लागेल, तुझं डोकं थंडीत आखडलं असेल.

आपल्या गावच्या वाइसाकेचा मुलगा तुमच्याच मळ्यावर येतोय. त्याच्याबरोबर बांधणीचा एक नमुना पाठवतो, कोट आणि पेटी जिथं जोडायची तिथली गाठ. बघ आणि काय वाटतं ते खरं लिही. आमची भीडभाड ठेवू नकोस, नाहीतरी तुझ्याकडे ती कधी नव्हती.

आई बरी आहे. तेल लावतो. तू विचारलं नाहीस ते मी लिहिलं नाही.

आठवण ठेवत जा, फुकट असते.

नेमानी


ह्यूओन
२८ ऑगस्ट

मेव्हण्या,

स. न. यावेळी एवढंच. वि. वि. मिळण्यासारखं तू काही केलेलं नाहीस.

नमुना पोचला. चहाच्या डब्यात होता, घरचा वास येत होता. मी तो टेबलावर ठेवला आणि बराच वेळ बघत बसलो. काही वाटेल असं मला वाटलं होतं. मग मी गाठ ओढली. एका हिसक्यात सुटली. नेमानी, ही गाठ बांधणाऱ्याचे हात आहेत की खेकड्याच्या नांग्या? आठ वेढे सांगितले होते, हे अडीच आहेत. वादळ जाऊ दे, शेजारचा बोकड शिंकला तरी कोट उडेल. आमच्या खोलीतले सगळे हसले. मी म्हटलं, हा माझा आतेभाऊ आहे, हा बाई असता तर असल्या गाठी बघून सासूनं दुसऱ्याच दिवशी होडीत बसवून परत पाठवला असता.

आणि हे अक्षर कुठून आणलंस? शाळेत तुझं एक अक्षर पूर्वेला, एक पश्चिमेला जायचं. आता ओळ कशी दोरीत धरल्यासारखी. रविवारशाळेतल्या त्या जाड्या मास्तरणीच्या मांडीवर बसून गिरवतोस की काय? वळण अगदी बायकी आहे. जपून, कोणीतरी तुला मागणी घालेल.

आता कामाचं. फास-खुंटी चांगली आहे, मिसेस ट्रीलोरना चित्र काढून दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि म्हणाल्या की पन्नास वर्षं कोट उतरवून उतरवून माझी पाठ गेली, हे मला आधी कोणी का नाही सांगितलं. तेव्हा ते ठेव. पण कोट पेटीला घट्ट पाहिजे. आठ वेढे. बाबांच्या माश्या आहेत, तुझ्या कोंबड्या नव्हेत. एक महिना राहिलाय. मी तिथं नाही म्हणून काहीही चालेल असं समजू नकोस.

इथं छाटणी संपली. आता खांब पुरतोय. दिवसाला साठ. संध्याकाळी मला विचारलं कितवा खांब अवघड गेला तर सांगता येणार नाही, सगळे सारखेच जातात. जेवणात मीठ नव्हतं असं परवा सगळे ओरडत होते. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ताईला सांग की दाराचं तिचं बरोबर आहे. सांगताना खाली बस.

प्रेम असू दे. गाठीसारखं ढिलं नको.

सेरू


मातानिवाय
१४ सप्टेंबर

सेरू,

हे वाकडं अक्षर माझं. डाव्या हातानं लिहितोय. एका पानाला दोन दिवस लागतात, म्हणून थोडक्यात. मळ्यावर निघालेल्या एकाच्या हाती देतोय, टपालाआधी पोचेल.

जुलैत बाबांच्या नावानं जेवण घालायचं होतं, त्याचे नीरफणस उतरवताना मी झाडावरून पडलो. उजवं मनगट मोडलं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा हात फळीला बांधलेला होता. तेव्हापासून मी एक गाठ बांधलेली नाही. बोरू ताईनं कापला. काथ्या तिनं वळला. फास-खुंटी तिची, नमुना तिचा. आणि ४ ऑगस्टचं पत्र मी बोललो, तिनं लिहिलं. तू म्हणालास ते बायकी वळण तिचं. तुला चिडवणारं प्रत्येक वाक्य तिनं मान खाली घालून, न हसता लिहून घेतलं.

तुझं उत्तर आलं तेव्हा आत्या, म्हणजे माझी आई, म्हणाली मोठ्यानं वाच, सगळ्यांना सेरूची खबर कळू दे. मी वाचत गेलो. मला काय ठाऊक पुढं काय आहे. खेकड्याच्या नांग्या वाचलं. सासू आणि होडी वाचलं. मग थांबलो, पण तोवर वाचून झालं होतं. ती कोपऱ्यात काथ्या वळत होती. तिनं तो खाली ठेवला आणि बाहेर गेली.

दहा दिवस झाले. कामाला हात लावलेला नाही. दोन कोट तयार, चार अर्धे. पंधरा दिवस राहिले.

तुला आधी सांगितलं नाही कारण सांगितलं असतं तर बहिणीला हुकूम कसा सोडू असं म्हणून तू पत्रच लिहिणं बंद केलं असतंस. चूक माझी अर्धी. पण ते शब्द तुझे.

नेमानी


ह्यूओन
१९ सप्टेंबर

ती. थोरल्या काकांस,

कृ. सा. न. वि. वि. मी इथं पलंगावर नाही, जमिनीवर मांडी घालून बसलोय आणि लिहिण्याआधी ओंजळीनं मानाच्या तीन टाळ्या वाजवल्यात. पत्रात त्या ऐकू येत नाहीत म्हणून लिहून कळवतो.

हे पत्र लवकर पोचावं म्हणून मळ्यावरून घरी निघालेल्या सिरेलीच्या हाती देतोय. माफी रिकाम्या हातानं मागायची नसते, म्हणून त्याच्याजवळ कुटून प्यायच्या यांगोनाच्या मुळांची एक जुडीही असेल. सुवाच्या बाजारातून घ्यायला त्याला सांगितलंय, चांगली जाड बघून.

काका, माझ्या तोंडून ताईला न शोभणारे शब्द गेले. ते मी नेमानीला उद्देशून लिहिले होते, आणि आते-मामेभावांत असं चालतं, ते तुम्ही जाणता. पण शब्द कोणाला उद्देशून होते हे महत्त्वाचं नाही, कोणाच्या कानावर पडले हे महत्त्वाचं. आठ वर्षं मी तिच्यासमोर मोठ्यानं हसलोही नव्हतो. आणि आता सासर आणि होडी. कुठल्याही भावानं बहिणीबद्दल तोंडातून काढू नये ते मी कागदावर लिहून, तिकीट लावून, समुद्रापलीकडे पाठवलं.

मला तिला लिहिता येत नाही. लिहिलं तर तो दुसरा अपमान. म्हणून तुम्हाला विनंती आहे. ती मुळं घेऊन तुम्ही तिच्यासमोर बसावं आणि माझ्या वतीनं माफी मागावी. थोरल्यानं धाकट्या मुलीसमोर बसायचं हे उलटं आहे. पण बाबा असते तर ते बसले असते. ते नाहीत, मी नाही. तुम्ही आहात.

दुसरं. शंभराव्या रात्री तुम्ही पोळ्यांचा निकाल करणार आहात. माझ्या नावासाठी पोळी राखू नका. ज्या हातांनी कोट बांधले ते हात बघा आणि मग ठरवा. होडी बोलवायची तर बोलवा, पण आधी त्या दोन कोटांपाशी एकदा उभे राहा.

नेमानीचं पत्र वाचलं तेव्हा माझे कान तापले. एवढ्याचसाठी कळवतो की २१ जूनपासून माझं काहीही तापलेलं नव्हतं.

आशीर्वाद मागायची माझी पात्रता नाही. तुमच्या मनाला येईल तो द्यावा.

तुमचा,
सेरुपेपेली


मातानिवाय
१९ जानेवारी

चि. सेरूस,

अनेक आशीर्वाद, अकरा दिवसांच्या अधिकारानं.

इतके दिवस पत्र नाही, कारण आधी कोट वादळात काय करतात ते बघून लिहायचं होतं आणि मग टपाल कचेरीचं छप्पर नव्हतं. क्रमानं सांगतो.

२६ सप्टेंबरला सिरेली आला. थोरले काका तुझं पत्र तीनदा वाचून नदीवर जाऊन बसले. परत आले ते कोरा सदरा घालून, बगलेत मुळांची जुडी. मेरेओनीताई स्वयंपाकघरात मासा साफ करत होती. काका उंबऱ्याच्या आत, चटईच्या खालच्या टोकाला बसले. मी त्यांना उभ्या आयुष्यात त्या टोकाला बसलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाले की मी माझ्या भावाच्या मुलाचं तोंड घेऊन आलोय, ते घाण झालंय, धुऊन दे. ताईनं हात पुसले, जुडीला हात लावला, स्वीकारल्याची टाळी वाजवली. मग मासा पुरा साफ केला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो तर काथ्या वळल्याचा आवाज येत होता.

तीन दिवसांत चार कोट. आत्या, तुझी आई, मी डाव्या हातानं, आणि शेवटच्या दिवशी काकासुद्धा. शंभराव्या रात्री सहाच्या सहा उभे होते. काकांनी एकेकाची खुंटी ओढून छप्पर उचललं, परत ठेवलं. मग म्हणाले की मिशनची शाळा मध विकत घेईल, पोळी मेरेओनीची. आम्ही त्या रात्री बाबांचा मध काढला. सगळ्यांनी खाल्ला. तुझा एक डबा बाजूला ठेवलाय.

वादळ ६ जानेवारीला आलं. दीड दिवस बसलं. आमचं स्वयंपाकघर गेलं, माणसं सगळी आहेत. तिसऱ्या दिवशी वर पेट्यांकडे जाता आलं. पाच पेट्यांचे कोट नव्हते, छपरं नव्हती. नुसत्या खात्याच्या बोडक्या पेट्या, खुंटांना आवळलेल्या, झाकणासकट जागेवर. आम्ही कान लावले. आवाज होता.

आता ऐक, आणि कान तापवून घे. ती अडीच वेढ्यांची गाठ मुद्दाम तशी होती. कोट उन्हापावसासाठी, वादळासाठी नव्हे. रोजच्या वाऱ्यात अडीच वेढे पुरतात. वादळाचा जोर आला की कोट शिडासारखा वारा धरतो, म्हणून त्याला सुटून जाऊ द्यायचं, आणि पेटी वेगळी, जमिनीलगत, खुंटांना घट्ट. कोट गेला तर बोरू परत उगवतो. हे बाबांनी तिला सांगितलं होतं म्हणे, आपल्या शाकारणीबद्दल: गवत जाऊ दे, खांब राहू दे.

सहावी पेटी तुझ्या चित्राप्रमाणे होती. आठ वेढे, कोट पेटीला घट्ट. मी म्हटलं होतं कशाला. ताई म्हणाली, घरातल्या पुरुषाचा शब्द आहे, एक तरी त्याच्या मनासारखी असू दे. ती पेटी कोटासकट, खुंटांसकट खाडीत गेली. कोटाचा बांबू आणि पेटीची फळी धरून एक खुंट सापडला. त्याच्यावर आठही वेढे शाबूत आहेत. तेवढं तुझं काम पक्कं.

बोरू पुन्हा कापलाय. पाच नवे कोट मार्चपर्यंत होतील. तू येशील तेव्हा मुकाट्यानं सोडण भर.

एक राहिलं. माझा हात ऑक्टोबरातच बरा झाला. आता मी होडी वल्हवतो, कोणाला हवं तर कानाखाली वाजवतो. तरी पत्र ह्याच अक्षरात येत जाईल. मी विचारलं की आता मी लिहू का, तर दौत माझ्या हाती कोणी दिली नाही. तेव्हा यापुढे मला शिव्या घालताना विचार करून घाल.

लोभाचं तुझं तू बघ.

नेमानी


ह्यूओन
१० फेब्रुवारी

मेव्हणे नेमानी यांस,

स. न. वि. वि. चारही अक्षरं यावेळी पूर्ण आणि स्वच्छ लिहिली आहेत.

पत्र पोचलं. मी ते मिसेस ट्रीलोरना माझ्या मोडक्या इंग्रजीत वाचून दाखवलं. गाठीचं त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग त्या आपल्या कोटांकडे बघून म्हणाल्या की ज्या बाईनं ही गाठ बांधली तिला सांग, टास्मानियात एक म्हातारी तिच्यापुढं टोपी काढते. मी त्यांना समजावलं की मी तिला सांगू शकत नाही. त्यांनी विचारलं, मग कोणाला सांगतोस. मी म्हटलं, मेव्हण्याला. तेव्हा, मेव्हण्या, तुला सांगितलं.

तुझी टिंगल करायला बसलो होतो. मनगट मोडून घेणाऱ्या माकडाबद्दल तीन ओळी तयार होत्या, त्यातली एक बरी होती. मग ती ओळ कोण वाचणार हे आठवलं आणि खोडली. असं करत करत टिंगल संपली. उरलं ते लिहितो.

जुलैत मी तुला खोटं लिहिलं. चार दिवस लागले असते हे खरं. पण मुकादम त्याच दिवशी म्हणाला होता की जा, तिकीट मी काढतो, काम राहू दे. मीच नको म्हणालो. शंभर रात्रींना तरी ये म्हणून त्यानं सप्टेंबरात पुन्हा विचारलं. तेव्हाही नको म्हणालो. का, ते मला नीट माहीत नाही. आठ वेढे मारून बसलो होतो, एवढं आता कळतं.

काल सफरचंदाची पहिली तोडणी झाली. एक खाल्लं. आंबट होतं. आंबट लागलं, म्हणून कळवलं.

३१ मार्चचं विमान आहे. मी आल्यावर ताई पेट्यांकडे असेल तेव्हा मी खाडीवर असेन, ती घरात असेल तेव्हा मी पेट्यांकडे. सोडण कुठं भरायचं ते खुणेची काडी रोवून ठेवा, मी भरत जाईन.

पण त्याला अजून सात आठवडे आहेत, आणि तेवढ्यात एक पत्र येऊ शकतं. मी तुला सांगितलं होतं की बाबांचं शेवटी काय कसं झालं ते लिहू नकोस. ते आता मागे घेतो. कोण जवळ होतं, काय म्हणाले, काय खाल्लं, पेट्यांचं काही बोलले का, माझं काही बोलले का. सगळं लिही. घाई नाही, सावकाश लिही. तुझ्याकडे लिहायला चांगलं अक्षर आहे.

वाट बघतो.

सेरू